प्रकाशाचे चलच्चित्र की प्रकाशाचे मापन? : 'फेम्टो-फोटोग्राफी'चे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेच्या मीडिया लॅबमधील संशोधकांनी एक चित्रफीत लोकांसमोर आणली. शीतपेयाच्या बाटलीत प्रकाशाचा एक इवलासा गोळा शिरतो, बाटलीच्या लांबीतून संथपणे पुढे सरकतो, बुचाजवळ पोहोचून विखुरतो, असे तीत दिसते. दुसऱ्या दृश्यात टोमॅटोच्या पृष्ठभागावरून प्रकाशाची लाट वाहत जाते आणि लाट निघून गेल्यावरही टोमॅटो आतून काही काळ उजळलेला राहतो. या संशोधनगटाचे प्रमुख प्रा. रमेश रासकर यांनी २०१२ साली एडिंबरा येथील 'टेडग्लोबल' परिषदेत याच विषयावर व्याख्यान दिले. एका सेकंदाला एक ट्रिलियन, म्हणजे एक लाख कोटी, चित्रचौकटी टिपणारे छायाचित्रण, असे त्याचे वर्णन झाले आणि ते जगभर पाहिले गेले. रासकर मूळचे नाशिकचे व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यामुळे महाराष्ट्रातील अध्यापकांना या कामाविषयी विशेष आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे.

तथापि आपुलकी आणि चिकित्सा यांत विरोध नसतो. ही चित्रफीत वर्गात दाखविली जाते तेव्हा विद्यार्थी काय पाहतो? 'एका अतिवेगवान कॅमेऱ्याने एक प्रकाशस्पंद त्याच्या प्रवासात टिपला' असे तो समजतो. वस्तुस्थिती अशी नाही. त्या चित्रफितीतील कोणतीही एक चौकट कोणत्याही एका प्रकाशस्पंदाचे चित्र नाही. ती असंख्य स्पंदांच्या नोंदींची सरासरी घेऊन, ओळीमागून ओळ जोडून, संगणकावर घडविलेली पुनर्रचना आहे. आंद्रेआस वेल्टन, रासकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हे स्पष्टपणे सांगितले आहे. प्रश्न निर्माण होतो तो शोधनिबंधाकडून व्याख्यानाकडे आणि व्याख्यानाकडून वर्गाकडे येताना काय गळून पडते, याचा. प्रस्तुत लेखात या कामाच्या मुळाशी असलेल्या स्ट्रीक कॅमेऱ्याचे तत्त्व आणि त्याच्या अचूकतेच्या मर्यादा तपासून त्या प्रश्नाची चर्चा केली आहे.

स्ट्रीक कॅमेरा : काळाचे अंतरात रूपांतर

स्ट्रीक कॅमेऱ्याचे तत्त्व समजण्यासाठी धावण्याच्या शर्यतीतील 'फोटो-फिनिश' यंत्रणेचे उदाहरण उपयुक्त आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले. तिसऱ्या क्रमांकाची वेळ ५५.४१ सेकंद व उषा यांची ५५.४२ सेकंद होती. असे निर्णय ज्या प्रतिमेवरून दिले जातात ती सर्वसाधारण छायाचित्रासारखी दिसते. प्रत्यक्षात ती छायाचित्र नसते. कॅमेऱ्यासमोर एक अरुंद उभी फट असते व त्या फटीतून केवळ अंतिम रेषा दिसते. फटीमागे फिल्म एकसारख्या वेगाने सरकते. त्यामुळे प्रतिमेतील उभा अक्ष उंची दाखवितो, तर आडवा अक्ष वेळ दाखवितो. दोन धावपटूंमधील आडवे अंतर म्हणजे त्यांच्या आगमनाच्या वेळांतील फरक होय. अंतिम रेषेवर क्षणभर टेकलेले पाऊल अशा प्रतिमेत विचित्र लांबट दिसते. ते पाऊल लांब नसते, रेषेवर जास्त वेळ राहिलेले असते.

स्ट्रीक कॅमेरा हेच काम अब्जावधी पट अधिक वेगाने करतो. कोणतीही फिल्म इतक्या वेगाने सरकविणे अशक्य असल्याने येथे प्रकाशाचे रूपांतर इलेक्ट्रॉनांत केले जाते. फटीतून आलेला प्रकाश फोटोकॅथोडवर पडतो व त्याच्या तीव्रतेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. उच्च विद्युतदाबाने त्यांना वेग दिला जातो. वाटेत दोन विक्षेपक पट्ट्या असतात. त्यांच्यावरील दाब अत्यल्प काळात झपाट्याने बदलत जातो. आधी आलेले इलेक्ट्रॉन पडद्याच्या वरच्या भागात आणि नंतर आलेले खालच्या भागात पोहोचतात. त्यांची संख्या वाढविण्यासाठी सूक्ष्मनलिकांची तबकडी असते, तिच्यामागे प्रस्फुरक पडदा व शेवटी ती प्रतिमा टिपणारा सर्वसाधारण संवेदक. परिणामी पडद्यावर उमटणाऱ्या द्विमितीय प्रतिमेत एक अक्ष फटीवरील स्थानाचा आणि दुसरा काळाचा असतो. स्वरूपाने ही प्रतिमा आलेखाच्या अधिक जवळची आहे.

या कल्पनेचा पूर्वेतिहास मोठा आहे. १८३४ साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी फिरत्या आरशाच्या साहाय्याने विद्युतठिणगीचा कालावधी मोजण्याचा प्रयत्न केला. त्यामागेही काळाचे अंतरात रूपांतर करण्याचीच युक्ती होती. १९५६ मध्ये झावोइस्की व फांचेन्को या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनांच्या विक्षेपणाने काळाचे किती सूक्ष्म तुकडे मोजता येतील, याचे सैद्धांतिक विवेचन केले. १९७१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये डॅनियल ब्रॅडली यांच्या गटाने पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या मापनासाठी स्ट्रीक कॅमेरा प्रत्यक्षात आणला. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील ड्युगे व मॅटिक यांनी वेगळ्या तंत्राने, प्रकाशानेच उघडमीट होणाऱ्या झडपेच्या साहाय्याने, द्रवातून जाणाऱ्या लेसर स्पंदाचे छायाचित्र घेतले होते. १९७८ मध्ये स्वीडनचे निल्स अब्रामसन यांनी होलोग्राफीचा आधार घेऊन प्रकाशाचा प्रवास नोंदविला. 'प्रकाश प्रथमच चालताना दिसला' हे २०११ नंतर पुष्कळ ठिकाणी आढळणारे विधान या इतिहासाकडे दुर्लक्ष करते.

अचूकतेच्या मर्यादा

स्ट्रीक कॅमेरा किती सूक्ष्म काळ वेगळा दाखवू शकतो, हे प्रामुख्याने चार गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट इलेक्ट्रॉनांच्या आरंभीच्या वेगांतील तफावत. एकाच क्षणी फोटोकॅथोडमधून निघालेले सर्व इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेने निघत नाहीत. त्यामुळे ते पडद्यावर एकाच क्षणी पोहोचत नाहीत. हा काल-विस्तार ऊर्जेतील तफावतीच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि कॅथोडलगतच्या विद्युतक्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात असतो. तफावत ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि क्षेत्र दर मिलिमीटरला १ किलोव्होल्ट धरले, तर साध्या गणिताने सुमारे २.४ पिकोसेकंद हे उत्तर येते. क्षेत्र दहापट केले तर ते ०.२४ पिकोसेकंदापर्यंत उतरते. बाजारात उपलब्ध झालेल्या अत्यंत जलद नळ्यांची क्षमता शे-दोनशे फेम्टोसेकंदांच्या घरात का रेंगाळते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

दुसरी गोष्ट फटीची रुंदी. विक्षेपणामुळे इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरील एक सेंटिमीटर अंतर एका नॅनोसेकंदात कापत असेल, तर प्रत्येक मिलिमीटर म्हणजे १०० पिकोसेकंद. फटीची पडद्यावरील प्रतिमा ०.०१ मिलिमीटर रुंद असली तरी तेवढ्याने १ पिकोसेकंदाची संदिग्धता येते. स्वतंत्र संदिग्धतांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले म्हणजे एकूण संदिग्धता मिळते. वरील २.४ आणि १ पिकोसेकंद एकत्र केल्यास ती २.६ पिकोसेकंद होते.

तिसरी गोष्ट इलेक्ट्रॉनांचे परस्पर-अपाकर्षण. प्रकाश तीव्र असेल तर एकाच वेळी पुष्कळ इलेक्ट्रॉन निघतात, ते एकमेकांना दूर लोटतात व झोत पसरतो. म्हणून सूक्ष्म काळ मोजायचा असेल तर प्रकाश मंद ठेवावा लागतो. पण प्रकाश मंद ठेवला की इलेक्ट्रॉनांची संख्या घटते आणि सांख्यिकीय चढउतार वाढतो: एका बिंदूवर १०० इलेक्ट्रॉन मोजले तर त्या मोजमापात सुमारे १० टक्के अनिश्चितता राहते, ती १ टक्क्यावर आणायची तर १०,००० इलेक्ट्रॉन हवेत. एकाच स्पंदातून ते मिळवावे तर झोत पसरतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे तीच घटना पुनःपुन्हा घडवून नोंदींची बेरीज करणे. चौथी मर्यादा या उपायातूनच येते. विक्षेपक दाब आणि लेसर स्पंद यांची वेळ प्रत्येक खेपेस तंतोतंत जुळली पाहिजे. थोडीही डळमळ झाली तर बेरीज धूसर होते.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की स्ट्रीक कॅमेऱ्याच्या बाबतीत सरासरी ही प्रयोगकर्त्याच्या सोयीसाठी स्वीकारलेली पळवाट नाही. उपकरणाच्या भौतिकीतूनच ती बहुतेक वेळा अपरिहार्य ठरते. जे अपरिहार्य आहे ते लपविण्याचे काहीच कारण नसते. उलट, ते सांगितल्याशिवाय त्या प्रतिमेचा अर्थच लागत नाही.

'फेम्टो-फोटोग्राफी' प्रत्यक्षात काय करते

रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत स्ट्रीक कॅमेरा अनेक दशके वापरात आहे. एखादा नमुना प्रकाश शोषून किती वेळात तो पुन्हा उत्सर्जित करतो, हे मोजताना एकच स्थानीय मिती पुरते. दुसरी मिती काळाला दिल्याने काही बिघडत नाही. प्रस्तुत शोधनिबंधाच्या सहलेखकांत मौंगी बावेंडी हे रसायनशास्त्रज्ञ आहेत. पुंजबिंदूंवरील कार्यासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत त्यांचा समावेश होता. रसायनशास्त्राच्या या मापनयंत्राला दृश्य टिपावयास लावणे, ही रासकर व वेल्टन यांच्या गटाची मूळ कल्पना होय, आणि ती निःसंशय कल्पक आहे.

अडचण उघड आहे. स्ट्रीक कॅमेरा एका वेळी दृश्याची एकच आडवी ओळ पाहतो. संपूर्ण दृश्य मिळविण्यासाठी फिरत्या आरशांच्या साहाय्याने एकेक ओळ फटीवर आणली गेली. प्रत्येक ओळीसाठी लेसरचे स्पंद दृश्यावर पुनःपुन्हा सोडण्यात आले. असा लेसर सेकंदाला सात-आठ कोटी स्पंद सोडतो व प्रत्येक स्पंदाची लांबी सुमारे ५० फेम्टोसेकंद असते. प्रत्येक ओळीच्या असंख्य नोंदींची सरासरी घेतली, सर्व ओळी एकमेकींखाली मांडल्या आणि मग काळाच्या अक्षावर काप घेऊन चित्रचौकटी तयार केल्या. नॅनोसेकंदाच्या आतबाहेर घडणारी घटना नोंदविण्यास या पद्धतीने तासाच्या हिशेबात वेळ लागतो. जगातील सर्वांत वेगवान कॅमेऱ्यांपैकी हा सर्वांत संथ आहे, असा विनोद या गटातच प्रचलित होता.

म्हणजे दिसणाऱ्या चित्रफितीतील बाटलीच्या वरच्या भागावरचा प्रकाश आणि खालच्या भागावरचा प्रकाश हे वेगवेगळ्या मिनिटांत सोडलेल्या स्पंदांचे आहेत. दृश्य हलत नाही आणि प्रत्येक स्पंद आधीच्या स्पंदासारखाच वागतो, या दोन गृहीतकांवर सारी रचना उभी आहे. बाटली व टोमॅटो यांच्या बाबतीत ही गृहीतके रास्त आहेत. फुटणारा बुडबुडा, एकदाच पेटणारा प्लाझ्मा किंवा लेसरच्या आघाताने बदलून जाणारा पदार्थ यांच्या बाबतीत ती टिकत नाहीत. सफरचंदातून जाणारी गोळी टिपणारे हॅरल्ड एजर्टन यांचे १९६४ चे प्रसिद्ध छायाचित्रही एमआयटीतलेच, आणि त्याच्याशी या कामाची तुलना नेहमी केली जाते. परंतु एजर्टन यांनी एका गोळीचे, एका क्षणाचे चित्र घेतले होते. तीच गोळी पुन्हा झाडता येत नाही. या दोन प्रतिमांची जात मुळात वेगळी आहे.

चार आक्षेप

पहिला आक्षेप नावाविषयी. शोधनिबंधानुसार प्रत्येक चौकटीचा परिणामी उद्भासन-काळ १.८५ पिकोसेकंद आहे, म्हणजे १,८५० फेम्टोसेकंद. एवढ्या काळात प्रकाश सुमारे अर्धा मिलिमीटर अंतर कापतो. लेसर स्पंद फेम्टोसेकंदांत मोजण्याजोगा आहे हे खरे. पण छायाचित्रण पिकोसेकंदांत होते. 'फेम्टो' हा उपसर्ग प्रकाशस्रोताकडून कॅमेऱ्याकडे उसना आला आहे, आणि त्यामुळे सूक्ष्मतेचा हजारपट अधिक भास निर्माण होतो.

दुसरा आक्षेप संख्येविषयी. शोधनिबंधात सेकंदाला सुमारे अर्धा ट्रिलियन चौकटींशी तुल्य अशी विभेदनक्षमता सांगितली आहे. 'सुमारे', 'अर्धा' व 'तुल्य' हे तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. व्याख्यानाच्या शीर्षकात व बातम्यांत त्यांपैकी एकही उरला नाही. एक ट्रिलियन चौकटी एवढेच उरले. व्याख्यानातील एका दृष्टान्ताचेही उदाहरण घेता येईल. तेथे प्रकाशाचा वेग १,००० कोटी पटींनी मंद करून दाखविला आहे, आणि तेवढेच अंतर जाणारी बंदुकीची गोळी याच प्रमाणात मंद केली तर ती पाहण्यास एक वर्ष लागेल, असे सांगितले आहे. हिशेब करून पाहावा. बाटलीची लांबी ३० सेंटिमीटर व गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर प्रवासास एक मिलिसेकंद लागतो. १,००० कोटींनी गुणल्यास १ कोटी सेकंद, म्हणजे सुमारे ११६ दिवस होतात. रायफलच्या ९०० मीटर वेगाच्या गोळीसाठी तर चाळीस दिवसही लागणार नाहीत. एक वर्ष लागायचे असेल तर गोळीचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास हवा. दृष्टान्ताचा आशय चुकीचा नाही आणि व्यासपीठावरील वक्त्याला ढोबळ संख्येची मुभा असते. पण ज्या कामाचे सारे मोल अचूक मापनात आहे, त्याच्या सादरीकरणात संख्या केवळ विस्मय निर्माण करण्यासाठी येऊ लागल्या, हे नोंदविणे आवश्यक आहे.

तिसरा आक्षेप रंगांविषयी. अशा लेसरचा प्रकाश सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दृश्य पटाच्या तांबड्या टोकापलीकडचा असतो, आणि स्ट्रीक कॅमेरा केवळ तीव्रता नोंदवितो. म्हणून जेथे दृश्यांत रंग दिसतात तेथे ते प्रक्रियेतून आलेले असतात. काळाची वाटचाल एकाच चित्रात दाखविण्यासाठी इंद्रधनुष्यी पट्टे वापरणे, हे नकाशातील उंचीच्या रंगांसारखे उपयुक्त साधन आहे. नकाशाला सूची असते. चित्रफितीला बहुधा नसते.

चौथा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचा. चौकटीत दिसणारी वेळ कोणाची? दृश्यातील दूरच्या बिंदूवरून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत येण्यास जवळच्या बिंदूपेक्षा अधिक वेळ घेतो. रोजच्या छायाचित्रणात हा फरक नगण्य असतो; येथे ३० सेंटिमीटर खोलीचा फरक म्हणजे पूर्ण एक नॅनोसेकंद, म्हणजे जवळजवळ संपूर्ण चित्रफितीएवढा. त्यामुळे कच्च्या नोंदीत घटनांचा क्रमही उलटा भासू शकतो. वेल्टन व सहकाऱ्यांनी दृश्याची त्रिमितीय भूमिती वापरून 'कॅमेऱ्याचा काळ' आणि 'जगाचा काळ' यांत रूपांतर केले आहे. ही त्या शोधनिबंधातील सर्वांत विचारप्रवर्तक बाब आहे. पाहणाऱ्याला जे 'घडताना' दिसते ते कोणत्याही एका स्थानावरून कोणालाही दिसणारे नसते. ते हिशेबाने सुधारलेले असते. सापेक्षता सिद्धान्त शिकविणाऱ्या अध्यापकासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही. दुर्दैवाने विस्मयाच्या भरात हाच भाग सर्वाधिक वगळला जातो.

एकाच स्पंदाचे चित्र : २०१४ नंतरचे प्रयत्न

पुनरावृत्तीवाचून चालणार नाही का, या प्रश्नाचे उत्तर २०१४ मध्ये वेगळ्या दिशेने आले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिहाँग वांग यांच्या गटाने स्ट्रीक कॅमेऱ्याची फट पूर्ण उघडली आणि दृश्यावर सूक्ष्म आरशांच्या साहाय्याने काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा यादृच्छिक नमुना चढविला. विक्षेपणामुळे सर्व क्षणांची दृश्ये पडद्यावर एकमेकांवर सरकून पडतात. नमुना माहीत असल्यामुळे संगणक ती पुन्हा वेगळी करतो. एकाच स्पंदाची, सेकंदाला १० हजार कोटी चौकटी या गतीने नोंद झाल्याचे 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये हा आकडा १० लाख कोटींवर आणि २०२० मध्ये ७० लाख कोटींवर गेला.

येथे सरासरीचा आक्षेप उरत नाही. परंतु त्याची जागा दुसरा प्रश्न घेतो. २०१४ च्या मांडणीत १५० × १५० बिंदूंच्या ३५० चौकटी, म्हणजे ७८ लाख ७५ हजार अज्ञात संख्या काढल्या जातात. पडद्यावर प्रत्यक्ष मोजलेल्या संख्या मात्र सुमारे ७५ हजार असतात. एका मोजमापामागे शंभराहून अधिक अज्ञाते, ही समीकरणे स्वतःहून सुटणारी नव्हेत. दृश्य विरळ आहे, त्यात फार थोडा भाग बदलतो, असे आधीच गृहीत धरल्यावर ती सुटतात. लेसर स्पंदासाठी हे गृहीतक योग्य आहे. प्रत्येक दृश्यासाठी ते तसेच असेल, असे नाही. वेल्टन यांच्या पद्धतीत घटना पुनरावृत्त होते हे मानावे लागते, वांग यांच्या पद्धतीत ती विरळ आहे हे मानावे लागते. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने त्या गृहीतकाची किंमत जाणली पाहिजे.

शिवाय चौकटींमधील अंतर आणि विभेदनक्षमता या भिन्न गोष्टी आहेत. मोजपट्टीवर मिलिमीटरऐवजी शतांश मिलिमीटरच्या रेघा ओढल्या म्हणून जाड टोकाच्या पेन्सिलीने केलेले मोजमाप शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक होत नाही. ज्या नळीत इलेक्ट्रॉनांचा काल-विस्तारच २०० फेम्टोसेकंद आहे, तिच्या नोंदीतून १०० फेम्टोसेकंद अंतराच्या चौकटी अवश्य काढता येतील. पण शेजारच्या दोन चौकटी एकमेकींपासून स्वतंत्र माहिती देतीलच, असे नाही. 'सेकंदाला किती चौकटी' या एककाने उपकरणांची स्पर्धा लावणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

कामाचे खरे मोल

वरील आक्षेपांमुळे या कामाची थोरवी कमी होत नाही, उलट ती योग्य ठिकाणी दिसू लागते. मार्च २०१२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये याच गटाने कोपऱ्यामागील, थेट न दिसणाऱ्या वस्तूचा त्रिमितीय आकार काढून दाखविला. भिंतीवर लेसर स्पंद सोडला, तो विखुरून लपलेल्या वस्तूवर गेला, तेथून पुन्हा भिंतीवर आला, आणि भिंतीवरील निरनिराळ्या बिंदूंवर तो केव्हा पोहोचला याच्या पिकोसेकंदांतील नोंदींवरून वस्तूचे स्थान व आकार ठरविले गेले. पिकोसेकंद म्हणजे प्रकाशाचे ०.३ मिलिमीटर अंतर. म्हणून वेळेची अचूकता ही येथे थेट आकाराची अचूकता झाली. हे काम बाटलीच्या चित्रफितीइतके लोकप्रिय झाले नाही, कारण त्यात डोळ्यांना सुखविणारे फारसे काही नाही. परंतु स्ट्रीक कॅमेऱ्याचे सामर्थ्य कशात आहे, हे त्यातच अधिक उघड होते. पुढील वर्षांत एकेक फोटॉन मोजणाऱ्या घनस्थिती संवेदकांनी या क्षेत्रात प्रवेश केला व उपकरणे स्वस्त होत गेली. मूळ कल्पना मात्र आगमनाच्या वेळेच्या मापनाचीच राहिली.

हेच तत्त्व आणखी सूक्ष्म पातळीवर पोहोचले आहे. अ‍ॅटोसेकंद स्पंदांच्या मापनात इलेक्ट्रॉनांना विक्षेपक पट्ट्यांऐवजी लेसरचेच विद्युतक्षेत्र ढकलते, आणि त्या तंत्रालाही 'स्ट्रीकिंग' असेच म्हणतात. २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या क्षेत्रातील प्रयोगांसाठी अगोस्तिनी, क्राउझ व ल्युइलिए यांना देण्यात आले, त्यात या मापनाचा वाटा मोठा आहे. तेथे कोणी 'चित्र काढले' असे सहसा म्हणत नाही. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख छापला जातो आणि वाचक तो आलेख म्हणूनच वाचतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

स्ट्रीक कॅमेरा सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यातील उपकरण नाही. त्याचे तत्त्व मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. बहुतेक मोबाईल कॅमेऱ्यांचा संवेदक संपूर्ण दृश्य एकाच क्षणी न वाचता ओळीमागून ओळ वाचतो. प्रयोगशाळेतील संकेतजनित्राला एक एलईडी जोडावा, त्याला १,००० हर्ट्झची चौरस लहर द्यावी आणि उद्भासन-काळ शक्य तितका कमी ठेवून एलईडीसमोर धरलेल्या पांढऱ्या कागदाचे चित्र घ्यावे. कागद सर्वत्र सारखाच उजळत-विझत असूनही चित्रात काळे-पांढरे पट्टे दिसतील. एका पट्टेजोडीत ५० ओळी मोजल्या गेल्या, तर एका ओळीस २० मायक्रोसेकंद लागतात असे उत्तर मिळते. काळ अंतरात उतरला आहे, हे विद्यार्थी स्वतः मोजून पाहतो. त्यानंतर बाटलीची चित्रफीत दाखविली तर तो ती निराळ्या नजरेने पाहील.

चित्रफितीसोबत विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ही नोंद एका घटनेची आहे की अनेक घटनांच्या सरासरीची? शेजारच्या चौकटींमधील अंतर आणि उपकरणाची प्रत्यक्ष विभेदनक्षमता यांत किती फरक आहे? आणि पुनर्रचनेसाठी दृश्याविषयी कोणती गोष्ट आधीच मानली आहे? हे प्रश्न भौतिकशास्त्रापुरते मर्यादित नाहीत. कृष्णविवराची २०१९ साली प्रसिद्ध झालेली प्रतिमा, रुग्णालयातील एमआरआय किंवा उपग्रहांनी टिपलेली पीकपाहणीची चित्रे या साऱ्या मोजमापांतून घडविलेल्या प्रतिमाच आहेत. त्या वाचण्यास शिकविण्याची जबाबदारी सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांवर येते.

समारोप

'फेम्टो-फोटोग्राफी' हे विसाव्या शतकातील एका मापनयंत्राचे एकविसाव्या शतकातील कल्पक उपयोजन आहे. त्याच्या कर्त्यांनी शोधनिबंधात पद्धतीच्या मर्यादा प्रामाणिकपणे नोंदविल्या. लोकप्रिय सादरीकरणात त्या मागे पडल्या, आणि वर्गात पोहोचेपर्यंत बहुतांशी नाहीशा झाल्या. नाव, संख्या, रंग व काळ या चारही बाबतींत चित्रफीत शोधनिबंधापेक्षा अधिक दावा करते. तिच्यामागील खरी कामगिरी वेगळी आहे: लेसर व विक्षेपक दाब यांची पिकोसेकंदांपर्यंतची जुळणी, असंख्य मंद नोंदींतून विश्वसनीय संख्या मिळविणे, आणि कॅमेऱ्याच्या काळातून जगाच्या काळाकडे जाणारा हिशेब. हे सारे सांगितल्याने विद्यार्थ्यांचे कुतूहल कमी होईल, ही भीती निराधार आहे. बाटलीतून सरकणारा प्रकाशाचा तो गोळा पाहून विद्यार्थी थक्क झाला, की अध्यापकाने चित्रफीत थांबवावी आणि 'यातील वरची ओळ कोणत्या स्पंदाची आणि खालची कोणत्या?' एवढे विचारावे. त्या दिवशीचा तास त्या प्रश्नापासून सुरू होण्यास हरकत नाही.